पत्रिकेतून गाळलेले नाव

महाल, नागपूर
२ एप्रिल १९७६

चि. सौ. प्रेमलतास विश्वनाथचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पाडवा झाला, श्रीखंड झाले. साखर वाढते म्हणून तुझ्या वहिनीने माझी वाटी अर्ध्यावरच उचलली, तेव्हा तुझी आठवण झाली. तू असतीस तर चोरून आणखी वाढले असतेस. असो. गोपिकाच्या लग्नपत्रिका छापून आल्या. तुमच्या शाळेचा शिपाई धोंडबा इकडे आला होता, त्याच्याबरोबर दोनशे पाठवतो आहे. कागद चांगला लागला आहे, गणपतीही ठसठशीत उमटला आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्रिका पाहून डोळे वटारणार नाहीस. निमंत्रक म्हणून माझे नाव घातले आहे आणि 'आमची भाची चि. सौ. कां. गोपिका' असा मजकूर ठेवला आहे. वधूपिता म्हणून कृष्णकांतांचे नाव तूर्त गाळले. तुरुंगात असलेल्या माणसाचे नाव छापायला छापखानेवाला कां कूं करत होता, आणि व्याही मनोहरराव यांनीही तसेच सुचवले. त्यांचा शरच्चंद्र हिंगण्याच्या कारखान्यात नुकता कुठे कायम झाला आहे. माझेही हेडक्लार्कचे घाटते आहे. भिंतीला कान असतात, हल्ली डोळेही फुटले आहेत. नऊ मेला इथे महालातच लग्न उरकू. कन्यादान मी आणि तुझी वहिनी करू. तू निश्चिंत राहा.

गोपिकास आशीर्वाद. माया आहेच, ती कागदावर किती मांडायची?

तुझा दादा

खापा
७ एप्रिल १९७६

ती. दादांस प्रेमलताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्रिका मिळाल्या. तुमचे टपालाने आलेले पत्र मात्र कोणीतरी आधी वाचून, पुन्हा खळ लावून पाठवले होते. खळ अजून ओलसरच होती. हात धुऊन आले. पण त्याहून जास्त किळस मला पत्रिकेची आली, खोटे कशाला लिहू?

दादा, माझा नवरा मेलेला नाही. त्यांनी दरोडा घातलेला नाही. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याखाली उभे राहून त्यांनी नववीच्या पुस्तकातला मूलभूत हक्कांचा धडा वाचला, सरकारमान्य पुस्तकातला, आणि मुलांना सांगितले की हा धडा सध्या देशातच रद्द आहे, तेव्हा यंदा परीक्षेला येणार नाही. मुले हसली. तिसऱ्या दिवशी त्यांना मिसा कायद्याखाली नेले. ना खटला, ना तारीख. गावातले लोक मला पाहून रस्ता ओलांडतात, त्यांचे मला काही वाटत नाही. तुम्ही तर सख्खे भाऊ. ज्याच्या पोटची पोर, त्याचेच नाव पुसलेत.

लग्नासाठी त्यांना चार दिवस पॅरोलवर सोडावे म्हणून मी अर्ज केला आहे. अर्जाला लग्नपत्रिका जोडावी लागते. माझ्याजवळ हीच होती, नाइलाजाने हीच जोडली. कन्यादान बाबांनीच करायचे, असे गोपिका म्हणते आहे. तेव्हा पत्रिका त्यांच्या नावाने पुन्हा छापून ताबडतोब पाठवा, मी ती अर्जामागून पाठवीन.

तुमची साखर सांभाळा. माझ्यावरचा जीव ढळू देऊ नका.

तुमची प्रेमलता

महाल, नागपूर
१४ एप्रिल १९७६

चि. सौ. प्रेमलतास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून तुझी वहिनी दोन दिवस जेवली नाही. मी जेवलो, कारण मला कचेरीत जावे लागते. इकडच्या पत्रिका वाटून झाल्या आहेत. आता पुन्हा छापणे म्हणजे गावभर दवंडी पिटणे. अगं, पत्रिका म्हणजे काय सातबारा आहे? लग्न लागले की तिची पुडी बांधतात.

सोबत एक छापील कागद पाठवतो. वीस कलमी कार्यक्रमाला पाठिंबा आहे आणि यापुढे सभेत बोलणार नाही, एवढेच त्यात आहे. भेटीला जाशील तेव्हा कृष्णकांतांची सही घे. एक सही, आणि बाप मांडवात. तत्त्वे लग्नानंतरही पाळता येतात. शहाण्यासारखी वाग.

रागावलीस तरी माझीच आहेस, हे विसरू नको.

दादा

तुरुंगातून
२३ एप्रिल १९७६

प्रिय सौ. प्रेमलतास सप्रेम आशीर्वाद.

पॅरोल नामंजूर झाला. कारण ऐकून हसू आले. तुरुंगाच्या साहेबांनी आपली पत्रिका माझ्यापुढे धरली. यात नवरी विश्वनाथरावांची भाची आहे, तुमची मुलगी असल्याचे कुठे लिहिले आहे, असे विचारू लागले. ती माझी मुलगी आहे हे मी सांगतोच आहे की, असे मी म्हटले. त्यावर ते म्हणाले की तुमच्या घरच्यांनाच ते सांगावेसे वाटले नाही, तर आम्ही कशाला मानावे? त्यांना नाही म्हणायचेच होते. कारण मात्र आपल्या घरून छापून गेले.

मग त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. त्यावर सही केली असती तर गोपिका लगेच माझी मुलगी ठरली असती. मी केली नाही. तू भेटीला आलीस तेव्हा दादांचा तसलाच कागद चुलीत घातल्याचे सांगितलेस, बरे केलेस.

(येथे दोन ओळी काळ्या शाईने खोडलेल्या आहेत.)

गोपिकाला सांग, माझ्यासाठी लग्न थांबवू नकोस. मुलगा चांगला आहे. त्या दिवशी मी इथे अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसेन. दादांवर रागावू नकोस, असे लिहिणार होतो. लिहीत नाही.

तुम्हा दोघींचाच,
कृष्णकांत

खापा
१२ मे १९७६

ती. दादांस नमस्कार. पुढचे नेहमीचे लिहायला हात वळत नाही.

रविवारी लग्न झाले, इथे खाप्यालाच. तुमची तार मिळाली. ताप आता उतरला असेल.

मनोहरराव आधीच्या आठवड्यात येऊन गेले. त्यांनीच मला विचारले की पत्रिकेत वधूपित्याचे नाव काहून नाही, आम्ही तर कधी तसे सुचवलेच नव्हते. स्वतःची भीती तुम्ही त्या भल्या माणसाच्या नावावर खपवलीत, याची मला शिसारी आली. ती अजून जात नाही. लग्न खाप्याला करायचे त्यांनीच ठरवले. उरलेल्या पत्रिकांवर गोपिकाने आपल्या हाताने वडिलांचे नाव आणि खाप्याचा पत्ता लिहिला.

कन्यादान मी एकटीने केले. भटजी अडले. तेव्हा शेजारच्या जिजाबाईंनी विचारले की बायको नसली तर पुरुष कमरेला सुपारी लावून बसतो, मग बाईने बसले तर काय बिघडते? भटजींनी पाट मांडला. मी सुपारी लावून बसले.

मांडवाच्या तोंडाशी हवालदार खुर्ची टाकून बसला होता. येईल त्याचे नाव लिहीत होता, मध्ये जिलबी खात होता. वहीला पाक लागला तरी लिहिणे चालूच. बरेच जण दारावरूनच परतले, पण चाळीस माणसे नाव सांगून आत आली. गोपिकाला बोहल्यावर न्यायची वेळ झाली, तसा तो पुढे आला. "नवरीचा मामा कोन हाये? नाव सांगा, मले लिहा लागते."

मी तोंड उघडायच्या आत गोपिकाच म्हणाली, "लिहा, मामा नाही." आणि एकटीच चालत गेली.

तेव्हा दादा, काळजी नको. तुमचे नाव कुठल्याही यादीत आलेले नाही.

वहिनींना नमस्कार.

प्रेमलता