मागच्या सीटखालचा हिरवा दोरा

राजाजीनगर, सोमवार

प्रिय अक्का,

आज तुझी गाडी पुन्हा रस्त्यावर आली. तू गेल्यानंतर आठ महिन्यांनी. दाजींना मल्लेश्वरमच्या देवळात नेऊन आणलं, आता ते आत पडले आहेत आणि मी तुझ्या शिवणाच्या टेबलावर जागा करून हे लिहायला बसलोय. तुझी कात्री होती तिथेच आहे. हलवली नाही.

पत्राचा नमुना गुरुजींनी शिकवला तो अजून पाठ आहे. वर ठिकाण, मग मायना, मग पहिली ओळ : इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. तू लग्न होऊन बंगळुराला आलीस तेव्हा तुझी पत्रं आईला मीच वाचून दाखवायचो. प्रत्येक पत्रात ती ओळ. महिनाभर तापानं अंथरुणावर होतीस तेव्हासुद्धा ती ओळ! पुढे मी इथे आलो, यशवंतपूरच्या शेडमध्ये लेथवर लागलो, तेव्हा आईला काय लिहू असं विचारलं, तर तू म्हणालीस, "खुशाल आहे म्हण. लांबच्या माणसाला काळजी कशाला?"

अक्का, आज ती ओळ लिहीत नाही. मी खुशाल नाही.

माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झालीत. गेल्या पावसाळ्यापासून. आधी मुंग्या यायच्या, आता सुपारी उचलली तरी ती हातात आहे की नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं. सव्वीस वर्षं लेथवर उभा असलेला माणूस मी. कातलेला भाग गुळगुळीत झाला की नाही हे बोट फिरवून सांगायचो. शारदाला सांगितलेलं नाही. बायको आहे, रात्रंदिवस बरोबर असते, तरी सांगितलं नाही. शेडमध्येही कुणाला नाही. सांगितलं आणि उद्या मशीनवरून उतर म्हणाले तर? या वयात मला दुसरं काय येतं?

तुला सांगतोय, कारण तुझ्या गाडीचा भाग त्याच बोटांनी मोडला.

गाडी उभी राहून पेट्रोलचा पंप बसला होता. चावी फिरवली की मागच्या सीटखालून जो घूं असा आवाज यायचा, तो येईना. मेकॅनिकला बोलवावं, तर दाजी म्हणाले, "परका माणूस तिच्या जागेवर बसायला नको." आणि खरं सांगू का, मलाही घमेंड होती. घरात लेथवाला असताना चार स्क्रूंच्या कामाला मेकॅनिक कशाला? पंपाची नवी मोटर आणली, बॅटरीची वायर सोडवली, देवाचं नाव घेतलं आणि मागची सीट उचलली.

खाली काय काय निघालं! शेंगदाण्याची टरफलं, केसांची पिन, बॉबिन, अर्धी मोजपट्टी. आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. एक नाही, दोन नाही. मी मोजल्या नाहीत.

तुला दवाखान्यात नेलं त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "छातीत दुखतं असं यापूर्वी कधी म्हणाल्या होत्या?" दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि मी दाजींकडे. उत्तर तुझ्या गाडीच्या मागच्या सीटखाली होतं अक्का. गोळी खायचीस आणि पट्टी सीटखाली सरकवायचीस? आम्ही कचऱ्याच्या डब्यात बघू म्हणून?

मला राग आला. त्या रागातच मी पंपाच्या झाकणाला हात घातला. झाकणावर करंगळीएवढी प्लास्टिकची नळी असते, नोजल म्हणतात, आणि इंजिनाकडे पेट्रोल नेणारा पाइप तिच्यावर बसतो. दोन्ही बाजूंची बटणं दाबून तो पाइप अलगद सोडवायचा असतो. बटण दाबलं गेलं की नाही, ते माझ्या बोटांना कळलं नाही. मी ओढला.

दाजी गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. तुझं पाहून तेही मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. "काय रे तम्मा, निघाला का?"

"निघतोय."

"स्वल्प जपून हं. ती कुणाला हात लावू देत नव्हती."

तेवढ्यात टचकन आवाज झाला. नोजल बुडातून मोडून पाइपाबरोबर माझ्या हातात आला.

"काय वाजलं रे?"

"काही नाही दाजी. क्लिप निघाली."

"सरी," दाजींनी नेहमीचं कानडी 'बरं' म्हटलं आणि ते पेपरमध्ये बघू लागले.

तू मागे ठेवलेली चालती अशी एकच वस्तू होती, ती मी मोडली. तुझं शिवणयंत्र तू क्लासच्या मुलीला देऊन टाकलंस, बाकी सगळी भांडीकुंडी. या गाडीवर तर तुझा जीव! चव्वेचाळिसाव्या वर्षी चालवायला शिकलीस. पहिल्या आठवड्यात समोरच्या नारळवाल्याच्या हातगाडीला धडकलीस आणि उतरून त्यालाच विचारलंस, "इथे कशाला उभा राहतोस, मी शिकतेय दिसत नाही का?" तो बिचारा तुला शहाळं देऊन गेला. आठवतं?

त्यानंतर तीन आठवडे दाजींचा रोज फोन. "गाडीचं काय?" मी म्हणायचो, भाग मिळत नाही. तसं ते खोटं नव्हतं. हे मॉडेल बंद झालंय, झाकणासकट सगळा सेट कुठे मिळेना. पण मोडला कसा, हे मी बोललो नाही. दाजी मात्र तू गेल्यापासून फाटकाबाहेर पडले नव्हते. ऑटो आणू का म्हटलं तर, "ऑटो कशाला, आपली गाडी आहे ना." सोमवारी सकाळी धोतर नेसून तयार व्हायचे आणि त्या उभ्या गाडीकडे बघत खुर्चीवर बसायचे. मला ते बघवत नव्हतं. माझ्याच्याने फार काही होतही नव्हतं. शेड, घर, तुझं घर, पुन्हा शेड. दमलो होतो मी अक्का. अजून दमलेलाच आहे.

एकदा मनात आलं, चिकटवून टाकावं. दोन ट्यूबांचा तो गोंद येतो ना, तो लावला की दगडासारखा होतो, कुणाला कळणार नाही. पण पेट्रोलची दाबाची लाइन ती, आणि तिच्यावर माणसं बसायची. तेवढी बुद्धी देवानं शाबूत ठेवली. ठरवलं, पितळेचा करायचा.

माप घेण्यासाठी मोडका तुकडा शेडमध्ये नेला. थिनरनं धुतला तेव्हा मोडलेली कड दिसली. अर्धी पांढरी, ताजी. अर्धी काळपट, जुनी. आणि बुडाशी जुन्या गोंदाखाली गुंडाळलेला हिरवा दोरा.

शिवणाच्या मशीनचा दोरा! एकाला एक लावून घट्ट घातलेले वेढे आणि शेवटी ती उलटी दुहेरी गाठ. माझ्या शाळेच्या सदऱ्याच्या बटणांना तू तीच गाठ मारायचीस. तो तुकडा हातात धरून मी स्टुलावर बसून राहिलो. शेजारच्या लेथवरचे निंगण्णा म्हणाले, "काय झालं हो, बोट कापलं काय?" मी नाही म्हणून मान हलवली.

आधी हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी मोडला नव्हता, आधीच तडकलेला होता. आणि मग एकेक आठवायला लागलं. तुझ्या खिडक्या! भुरभुर पावसातही काचा खाली. दाजींचा खांदा भिजायचा आणि तू म्हणायचीस, "मोकळी हवा बरी असते." गाडीतल्या गणपतीला उदबत्ती लावायचं बंद केलंस. आयुधपूजेला गाडीची आरती तीन हात लांबून ओवाळलीस, आणि आम्ही हसलो. अगं, तुला पेट्रोलचा वास येत होता! त्या गाडीत माझी पोरं बसली, अक्का. दाजी बसले. तू बसलीस. भीती नाही वाटली तुला? की वाटली, आणि तीही गोळीसारखी गिळलीस?

मला सांगितलं असतंस तर मी एका तासात करून दिला असता. एका तासात!

म्हणजे तेव्हा. आता मला सुट्टीच्या दोन दुपारी लागल्या. मालकांना विचारून पितळेचा गज घेतला. पहिला नोजल वाया गेला. कडेला बारीक ओरखडा राहिला होता, तो बोटाला कळलाच नाही, पाइप चढवून बघितला तेव्हा दिसला. दुसरा केला तेव्हा डाव्या हाताची बोटं फिरवून बघितली. डावा हात शिकाऊ आहे, पण खोटं सांगत नाही. झाकणाला भोक पाडून नोजल आरपार घातला, आतून नट, दोन्हीकडून पेट्रोलला टिकणारे वायसर.

काल रविवारी बसवायला आलो. काम सुरू करायच्या आधी तो हिरवा दोरा दाजींच्या तळहातावर ठेवला.

दाजींनी चष्मा वर केला. दोरा डोळ्यांजवळ नेला. "अय्यो," म्हणाले, "मिळाला का हा तुला?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमकूर रोडला गाडी बंद पडली होती रे. तिथल्या मेकॅनिकनं पाइप काढताना हे तडकवलं. तो गोंद लावून सुतळी गुंडाळत होता, तर हिनं पर्समधून दोरा काढला आणि त्यालाच बाजूला सारलं. म्हणाली, तुझे वेढे सैल पडतात. स्वतः गुंडाळलं. आणि वाटेत मला शपथ घातली, तम्माला सांगायचं नाही."

"का?"

"तो आधीच दमलेला असतो म्हणाली. आल्या आल्या पुन्हा त्याला कामाला लावायचं नाही."

दाजी तो दोरा बोटांत फिरवत म्हणाले, "आणि तू? त्या दिवशी म्हणालास, क्लिप निघाली. क्लिप अशी वाजते का रे? चाळीस वर्षं ऑफिसात काढली मी, पण कान गेलेले नाहीत. तुम्ही बहीणभाऊ एका साच्यातले. ती काही सांगत नाही, तू काही सांगत नाहीस. मी मधे बसून नुसतं सरी, सरी म्हणायचं. असं सरी म्हणत म्हणतच ती गेली रे."

अक्का, हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी हळू म्हटलं. आणि तरीही, माझ्या बोटांचं मी त्यांना काल सांगितलं नाही! बघ. इतकं झाल्यावरसुद्धा जीभ रेटली नाही.

नोजल बसवला. बॅटरी जोडून चावी फिरवली आणि घूं आवाज आला. दाजी खुर्चीवरून उठून उभे राहिले. नोजलभोवती कोरडा कागद गुंडाळला, इंजिन तासभर चालू ठेवलं, मग कागद सोडवून बघितला. कोरडा होता. पुन्हा नवा कागद गुंडाळून आणखी तासभर बघितलं.

आज रजा टाकली. दाजी धोतर नेसून तयारच होते. पुढे बसले, आणि बसल्या बसल्या काच खाली केली. सवयच लावलीस ना तू. मी आठ महिन्यांनी तुझ्या सीटवर बसलो आणि सीट मागे सरकवली नाही. गुडघे स्टिअरिंगला लागत होते. लागू देत.

देवळात दाजींनी तुझ्या नावानं अर्चना करायला सांगितली. पुजाऱ्यांनी नक्षत्र विचारलं. दाजींनी सांगितलं, आणि मग म्हणाले, "नाही, थांबा, ती आता नाही." पुजारी ओळखीचे. म्हणाले, "असू दे, तुमच्या नावानं करतो."

परत येताना सिग्नलला थांबलो. दाजींनी मान मागे वळवून दोनदा नाक ओढलं. पुन्हा एकदा ओढलं.

"तम्मा, वास नाही रे."

आणि त्यांनी काच वर केली. पूर्ण, शेवटपर्यंत. तुझ्या गाडीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती अक्का. बाहेरचा सगळा गोंगाट बाहेर राहिला. त्या शांततेत माझ्या तोंडून निघून गेलं, "दाजी, माझी बोटं बधिर झालीत."

"कुठली?"

मी स्टिअरिंगवरचा हात दाखवला.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

मला वाटलं, आता सरी म्हणतील. ते म्हणाले नाहीत. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली, सिग्नल सुटला होता. दाजींनी माझा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मला त्यांचा एकच तळवा जाणवला, दुसरा नाही.

"शारदाला आज सांगायचं," ते म्हणाले. "आणि उद्या सकाळी डॉक्टर. मी बरोबर येणार. बाहेर बसेन. गाडी आहे ना आता."

आठ महिने फाटक न ओलांडलेला माणूस!

उद्या डॉक्टर काय सांगतील, ते माहीत नाही. लेथ सुटेल की राहील, तेही नाही. देवाजवळ आज मी बोटं मागितली नाहीत, नुसता उभा राहिलो. तुझ्यावरचा राग अजून आहे. तो जाईल तेव्हा जाईल. दोऱ्याचा तो तुकडा दाजींनी तुझ्या डबीत, सुयांजवळ ठेवलाय.

तुला वचन देतो अक्का. इथून उठलो की घरी जाऊन शारदाला समोर बसवून सगळं सांगेन, पहिल्या मुंगीपासून. आणि यापुढे मला कुणी कसा आहेस विचारलं, तर खुशाल आहे असं म्हणणार नाही. असेन तसा सांगेन. दाजींनाही तसंच विचारत जाईन, आणि उत्तर येईपर्यंत थांबेन.

पत्र संपवताना उत्तराची वाट पाहतो असं लिहायला शिकवलं होतं. तेवढं आज राहू दे.

तुझा,
तम्मा
(गावाकडचा बाळू)