तीन नंबरच्या पंपाला निरोप

३ मार्च
भागवत चहाला आल्ता. माझ्याच हाताखाली शिकला, आता फिल्टर प्लँटवर ऑपरेटर आहे. म्हणाला, काका, जुने पंप काढून राह्यले, तुमचा तीन नंबरही जाणार. चौतीस वर्षं चालवला मी तो. रिटायर होऊन अकरा झाली, आवाज अजून कानात. शेवटचा मीच चालू करणार. बोलावतीलच. चालू करायच्या आधी त्याला चार बादल्या पाणी पाजावं लागतं, कोरडा फिरला की जळतो. नव्या लोकांना हे काय ठाऊक? मी एकदाही विसरलो न्हाई.
संकल्प: निरोपाची कविता. आठ ओळी. शाळेत चालीवर म्हणायचो तशी.

६ मार्च
पहिली ओळ झाली: ‘अखंड फिरला, कधी न दमला, लोखंडाचा गडी.’ आता ‘गडी’ला यमक. प्लँटवरून फोन न्हाई. रेंज नसेल.
बायको गोजरबाई म्हणाली, नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, त्याच्यावर लिहा की.

११ मार्च
स्वतःच गेल्तो प्लँटवर. गेटवरच्या पप्पूनं ओळखलं न्हाई. रजिस्टरात ‘कोणाला भेटायचं’ या रकान्यात ‘तीन नंबर’ लिहिलं.
इंजिनिअर तृप्ती मॅडम, रोज बदनापूरहून येतात. पोरगी नम्र. नवे पंप मोबाइलवरून चालू होतात म्हणाली. मी फक्त हसलो. नंबर लिहून दिला, दोनदा.

१८ मार्च, दुपार
तृप्ती मॅडमचा फोन आला! भागवतला ताप. तीन नंबर दुरुस्तीनंतर बंद आहे आणि नवे पंप जोडेपर्यंत शहराची टाकी त्याच्यावरच भरायची आहे. उद्या सकाळी सातला या, काका.
मी म्हणालोच होतो.
पांढरा सदरा इस्त्री. झेंडूचा हार. कविता आठ ओळी पूर्ण, ‘गडी’ला ‘कडी’ जमली. गोजरबाई म्हणाली, कविता राहू द्या, चष्मा घ्या.

१९ मार्च
सहा जण जमले होते. पप्पूनं चार बादल्या भरून ठेवल्या. पंपाला हार घातला, बंद असला तरी स्क्रू ड्रायव्हर बेअरिंगला टेकवून कानाला लावला, जुनी सवय. मंग कविता. पाचव्या ओळीला सगळ्यांच्या माना खाली. गहिवरले असतील. मोबाइल दोघांच्याच हातात होता.
आठवी ओळ संपली तसं बटन दाबलं.
आवाज निराळा आला. मंग धूर.
तृप्ती मॅडम हळूच म्हणाली, “काका, पाणी पाजलं होतं ना?”
“बिलकुल,” मी म्हणालो.
चारी बादल्या भिंतीशी भरलेल्याच होत्या. एकीत झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या.

२० मार्च
व्होल्टेज कमी होतं. शिवाय दुरुस्ती बराबर झालेली नसणार. सविस्तर अर्ज लिहायचा. उद्या.

२३ मार्च
शहराला पाणी न्हाई. गोजरबाई शेजारच्या कांताबाईच्या बोअरवर घागर घेऊन गेल्ती. रांगेत बाया म्हणत होत्या, कोण्या म्हाताऱ्यानं गाणं म्हणत पंप जाळला. गोजरबाईनं विचारलं, “कोण गं म्हातारा?”
घरी येऊन हे सांगितलं अन् भाकरी टाकायला बसली.
गाणं नव्हतं ते. वृत्त होतं.

२८ मार्च
तीन नंबर टेम्पोत घालून जालना एमआयडीसीत वितळायला नेला. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, खिशात कविता. हार तसाच होता, वाळलेला. पप्पू म्हणाला, बाबा, बाजूला सरका.

३१ मार्च, सकाळी सव्वासहा
नळाला पाणी आलं. धार मोठी. नवे पंप. कान लावला, आवाज कसलाच न्हाई.
पाजलं नव्हतं मी.
पहिली बादली भरून उचलली. गोजरबाई म्हणाली, ओता की.
कशात, ते सुचलं न्हाई.