सलीमसाठी धरलेली जागा

पाथर्डी, रविवार संध्याकाळ

पाच देश स्वस्तातल्या रेल्वे तिकिटांवर फिरून सलीम आणि मी आज गावी आलो. अंग आंबून गेलंय, तरी डोक्यातून तो रुमाल जात नाही. प्रागच्या गाडीत मी एसटीतल्यासारखा सीटवर रुमाल टाकून पाणी आणायला उतरलो. परत येतो तर तिथं एक बाई बसलेली, रुमाल घडी करून बाजूला ठेवलेला. तिचं रिझर्व्हेशन होतं, तरी मी भांडलो. सलीम म्हणाला, "सोड की राव, चूक आपलीच हाय." मी अख्ख्या डब्यासमोर त्याच्यावरच खेकसलो. कशाला?

तेव्हापासून तो गप्पच. आज नगरच्या स्टँडवर खिडकीतून तोच रुमाल त्याच्यासाठी शेजारच्या सीटवर टाकला. रस्ताभर कुणाला बसू दिलं नाही. सलीम पाथर्डीपर्यंत उभा राहिला.