मी डोंगराखाली उभी आहे

धम्मशीला,

दूध आणते म्हणून गेलीस. दुधाला कुणी पळायचे बूट घालून जातं का गं? शाळा दोनच यत्ता झाली माझी, पण डोळे शाबूत आहेत.

सुट्टीच्या या घराची गोरी मालकीण मोरागबाई आत्ता दार वाजवून गेली. तू एकटी डोंगरावर पळायला गेलीस आणि जेवायच्या वेळेला परत येणार, असं तिला सांगून गेलीस, हे तिच्या फोननं मला मराठीत ऐकवलं. तिची-तुझी ओळख कालची! मीही मान हलवली, जसं काही मला ठाऊकच होतं. जेवायची वेळ टळून गेली. सकाळी ऊन होतं, आता ढग एवढा उतरलाय की डोंगरच दिसत नाही. ती रेस्क्यूवाल्यांना फोन करतेय.

राकेश गेल्यापासून तू घरात बोलत नाहीस. मी तरी कुठं बोलते. पण माझा लेक गेला तेवढं पुरे झालं, आता सून नाही घालवायची मला.

मोरागबाई मला पायथ्याच्या कार पार्कात सोडणार आहे. तिथं फोन लागत नाही. तू दुसऱ्या वाटेनं घरी आलीस तर ओले कपडे बदल, खिचडी गरम करून खा आणि मला न्यायला ये. तू दिसल्याशिवाय मी तिथून हलायची नाही.

आई