घरचं रक्त आणि बिघडलेलं मशीन

२ मार्च
लॅबमध्ये ट्रायलवर नवं मशीन आलं. गरोदरपणात बाईच्या रक्तात जी प्रोटीन्स वाढतात, ती मोजतं. पुढे बाळाला काही धोका आहे का, याचा आधीच अंदाज येतो. मशीन ठेवायचं की नाही, ते मी ठरवणार. नीट पार पाडलं की सेक्शन हेड मीच. लॅबच्या मॅडम तसं म्हणाल्या नाहीत, पण मान हलवली.

४ मार्च
तुलनेसाठी गरोदर नसलेल्या बाईचं रक्त हवं. बायकोचंच घेतलं. सुई टोचताना म्हणाली, जरा बोलायचंय. म्हटलं, आधी हात हलवू नकोस.

५ मार्च
घोटाळा! मशीन बायकोला गरोदर ठरवतंय. माझं रक्त घातलं, तर शून्य. म्हणजे बाईमाणसाचं रक्त आलं की मशीन बहकतं.

८ मार्च
पुन्हा बायकोचं रक्त. आकडा दुपटीच्या वर! मशीन दिवसेंदिवस बिघडतंय. कंपनीच्या इंजिनिअरला फोनवर झापलं. तो म्हणाला, सर, घरी एकदा विचारून बघा. उर्मट कार्टा.
बायकोला सकाळपासून उलट्या. बाहेरचं खाणं बंद करायला सांगितलं. उद्यापासून रोज तिच्याशी निवांत बोलायचं. नक्की.

९ मार्च
वेळ नाही झाला.

१२ मार्च
बायको म्हणते, मशीन खरं सांगत असेल तर? हसूच आलं. तिला प्रोटीन्स समजावून सांगितली. ती मध्येच उठून झोपायला गेली.

२० मार्च
ठणकावून लिहून दिलं: मशीन भरवशाचं नाही. परत पाठवलं. मॅडमनी विचारलं, खात्री आहे ना? म्हटलं, माझी बायको मला माहीत नाही का!

२ एप्रिल
रिसेप्शनवरच्या ताईंनी अभिनंदन केलं. गोड बातमी कळली म्हणे. प्रमोशन झालं तर! नम्रपणे म्हटलं, बरेच दिवस मेहनत घेत होतो. अख्खा स्टाफ खिदळला. जळतात मेले.

३ एप्रिल
प्रमोशन नाही. बाळ आहे. बायकोने माझ्याआधी ताईंना सांगितलं, कारण ताई ऐकून घेतात.

२ मे
बायकोची प्रोटीन्स तपासायची होती. सुई, नळ्या घेऊन सकाळीच तयार बसलो. ती म्हणाली, समोरच्या लॅबमध्ये देऊन आले. तुमच्यावर विश्वास आहे हो, पण प्रश्न बाळाचा आहे.
संध्याकाळी रिपोर्ट आणायला मात्र मला पाठवलं. मशीन तेच, आमच्याकडून परत गेलेलं. रिपोर्ट तिथेच काउंटरवर उघडला. धोका नाही. डोळ्यांत पाणीच आलं. तिथला टेक्निशियन म्हणाला, निर्धास्त राहा, मशीन एकदम भरवशाचं आहे.
म्हटलं, माहितेय. मीच तपासलंय.