डोंगराला लिफ्ट

ता. ४ मार्च

डॉक्टरसाहेब यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. डॉक्टर असून तुमचं अक्षर लागतं, याबद्दल आधी अभिनंदन. मायना काय लिहावा या विचारात माझा चहा थंड झाला. आपल्या भाषेत बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला साडू म्हणतात, मुलाच्या सासऱ्याला व्याही म्हणतात. पण आपल्या मुलीच्या आईशी ज्यांचं आता लग्न झालंय त्यांना काय म्हणावं, याची सोय कुणी करून ठेवलेली नाही. म्हणून डॉक्टरसाहेब. दातांचे असलात तरी.

इकडे सर्व क्षेम. माझं लिफ्टदुरुस्तीचं काम नेहमीसारखं वरखाली चालू आहे. समोरच्या बँकेच्या इमारतीची जुनी लिफ्ट अखेर मोडीत निघाली. गेली कित्येक वर्षं मीच तिच्या नाड्या बघत होतो, त्यामुळे दोन दिवस उगाच चुकल्यासारखं झालं. असो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. मे महिन्यात तुम्ही आणि वकीलसाहेब दोघंच हिमालयात जाणार, आणि हा बेत मुळात तिचा नि माझा असल्यामुळे माझी काही हरकत आहे का, असं तुम्ही विचारलंत. हरकत नाही. विचारलंत हे चांगलं केलंत. (तिला मी वकीलसाहेब म्हणतो. अकरा वर्षांची पोर, पण माझ्या घरात ती कायम वकील आणि मी कायम प्रतिवादी. तिची आई तिला कधीकधी याच नावाने हाक मारते, तेव्हा तुम्ही ऐकलं असेलच.)

बेत आम्ही रविवारी माझ्याकडे जेवणाच्या टेबलावर केला. उंची मीटरमध्ये सांगितली की तिला ती डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून आम्ही मजल्यांत मोजतो. आदल्या रात्री जिथे झोपलो त्याच्या शंभर मजल्यांहून वर दुसऱ्या रात्री झोपायचं नाही, हा मुख्य नियम. नकाशा सोबत पाठवतो. त्यावर जिथे लाल टिकली चिकटवली आहे तिथे एक पूर्ण दिवस नुसतं बसून राहायचं. तुमच्या वयाच्या माणसाला बसवणार नाही, दोन तासांत तुम्ही 'जरा पुढे जाऊन येऊ' म्हणाल. जाऊ नका. बूट आत्ताच घ्या आणि ते घालून तिला रोज शाळेत पाठवा. नवे बूट डोंगरावर पहिल्यांदा घालणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. पाणी सारखं पाजा. तिला तहान लागलेली कळत नाही.

'तुम्हीही चला' असं तुम्ही लिहिलंत. आभारी आहे. पण माझा गुडघा आता डोंगराच्या कामाचा राहिलेला नाही.

शेवटचा प्रश्न तुम्ही अगदी तळाला, बारीक अक्षरात लिहिलात. उंचीवर तिला त्रास होऊ लागला आणि ती बोलली नाही, तर ओळखायचं कसं? प्रश्न बरोबर आहे. वर हवा विरळ, डोकं दुखायला लागतं, माणूस ते लपवतो, आणि वेळेवर खाली आणलं नाही तर जिवावर बेततं. थर्मामीटर जवळ ठेवा.

कळावे,
आपला,
वकीलसाहेबांचा बाबा

•

ता. १३ मार्च

डॉक्टरसाहेब,
स. न.

तुमचं उत्तर यायच्या आधीच हे दुसरं पत्र लिहितोय, कारण पहिल्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला झोंबतंय. तुम्ही पोरीच्या जिवाचा प्रश्न विचारलात आणि मी थर्मामीटर सांगितला. उंचीच्या त्रासाचा तापाशी काही संबंध नाही. तुम्हाला ते कळलं असणार आणि सभ्यपणे तुम्ही गप्प बसला असणार.

उत्तर मला माहीत आहे. ते द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं, एवढंच.

ऐका. वकीलसाहेब सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आम्ही तिघं अजून एका घरात होतो. एका दुपारी ती जेवायला बसली आणि ज्या भाजीवरून आमच्याकडे आठवड्यातून दोनदा महाभारत व्हायचं ती भाजी मुकाट्याने खाल्ली. हात धू म्हटलं, धुतले. जरा पड म्हटलं, 'बरं बाबा' म्हणून पडली. मी खूश! तिच्या आईला म्हणालो, पोर सुधारली बुवा. दोन तासांनी आम्ही इस्पितळात होतो. अपेंडिक्स. डॉक्टर विचारत होते, पोटात दुखतंय हे हिने सांगितलं नाही का? नाही. तोवर ती एकदाही रडली नव्हती. फक्त 'बरं' म्हणत होती.

त्यानंतर मी नीट पाहत आलो आहे. कानदुखी असो, गोवर असो, की बसच्या प्रवासातली मळमळ असो, ती दुखण्याचा उच्चार करत नाही. वाद घालायचं बंद करते. भांडतेय तोवर ठणठणीत समजा. तुमचं म्हणणं तिला लगेच पटायला लागलं की सामान आवरा आणि तिला खाली आणा. तिच्या आईला हे सांगून उपयोग नाही. आईशी ती ताप असतानाही भांडते, हा मायलेकींचा वेगळा करार आहे.

हे तुम्हाला सांगायला नऊ दिवस लागले. कारण असं की, तिच्या शाळेचं, कपड्यांचं, दातांचं तर आता सगळं तुमच्या घरी चालतं. रविवार सोडला तर माझ्याकडे तिची ही एकच खूण उरली होती. ती दुसऱ्याच्या हाती द्यायची म्हटल्यावर माझ्या पोटात दुखलं. आता दिली.

आणि गुडघ्याचं कारण खोटं होतं. लिफ्ट बंद असली की मी रोज जिने चढतो, गुडघा उत्तम आहे. पण त्या तंबूत तीन माणसं कोणत्या क्रमाने झोपणार, हे माझ्या डोळ्यांपुढे येईना.

तिची आई तुमच्याबरोबर का येत नाही, तिला तिच्या डॉक्टरांनी प्रवासाची मनाई का केली आहे, हे वकीलसाहेबांनी मला परवा फोनवर सांगितलं. 'बाबा, आता मला भाऊ नाहीतर बहीण होणार, आणि तू उगाच तोंड पाडायचं नाहीस' असं बजावलंही. मी तोंड पाडलेलं नाही. अभिनंदन. हे आता मनापासून लिहितो आहे. घरात नवं माणूस यायच्या आत तुम्हाला या जुन्या माणसाशी, म्हणजे वकीलसाहेबांशी, ओळख करून घ्यायची आहे, हे मला कळलं. विचार चांगला आहे.

आपला,
प्रतिवादी

•

ता. २ एप्रिल

डॉक्टर,
स. न.

तुमचं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. म्हणजे ही पोर तुमच्याशी कधीच भांडत नाही? दीड वर्षात एकदाही नाही? 'हो काका', 'बरं काका', 'चालेल काका'? तुम्ही लिहिता, 'मला तर वाटत होतं आमचं छान जमतंय.'

मग माझी खूण तुमच्या काय कामाची? वर गेल्यावर तिचं डोकं दुखायला लागलं तरी ती 'बरं काका' म्हणणार आणि दुखत नसलं तरी तेच म्हणणार. दोन्हीतला फरक तुम्हाला देवही सांगू शकणार नाही. या अवस्थेत तिला मी शंभर मजले काय, दहा मजलेही पाठवणार नाही. रागावू नका. हे मी हेव्याने लिहीत नाही. असलाच तर थोडा आहे, पण मुद्दा तो नाही.

तेव्हा निघायच्या आत तुम्ही तिच्याशी भांडायला शिका. हातात महिना आहे. तुम्ही फार सभ्य आहात ही अडचण आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालायचा आणि वर त्यांना दुखू नये म्हणून गोड बोलायचं, हीच तुम्हाला सवय. ती घरी आल्यावर काढून ठेवा.

पत्ते खेळायला बसा आणि लबाडी करा. चोरून नाही, तिला दिसेल अशी. ती बोलणार नाही. पुन्हा करा. तिला नियम मोडलेला बघवत नाही, आतल्या आत शिजत राहील. तिसऱ्या-चौथ्या डावाला झाकण उडेल. उडालं की माफी मागू नका! इथे तुम्ही चुकणार, मला माहीत आहे. 'सॉरी बाळा' म्हणालात की खेळ खलास. उलट म्हणा, 'कुठे लिहिलंय असं?' या वाक्याने ती पेटते. मी सांगितलं म्हणून सांगू नका.

एक वाद मात्र मी माझ्यासाठी राखून ठेवतो, त्याला हात लावायचा नाही. हिमालयाला एक लिफ्ट बसवायला हवी, असं माझं म्हणणं आहे. ती लहान होती तेव्हापासून आहे. त्यावर ती दर रविवारी माझी सालटी काढते. वीज कुठून आणणार, दोर कशाला बांधणार, बर्फात दार अडकलं तर तू जाणार आहेस का दुरुस्तीला, मग चढणाऱ्यांनी काय करायचं, वर हॉटेल काढायचं का, आणि बाबा, तुला डोंगर कळतच नाही. मी म्हणतो, दुरून डोंगर साजरे, जवळून लिफ्ट साजरी. मग ती उशी फेकते. हा खटला गेली पाच वर्षं चालू आहे आणि निकाल लागू नये अशी माझी इच्छा आहे. बाकी सगळे विषय तुम्हाला मोकळे.

मधूनमधून कळवत जा. ती कधी फुटते याची मी वाट पाहतो आहे.

आपला,
प्रतिवादी

•

ता. ८ मे

प्रिय डॉक्टर,
स. न.

परवा तुम्ही दोघं निघणार, म्हणून हे पत्र टपालात न टाकता तुमच्या दवाखान्यात ठेवून जातोय. फोन केला असता, पण तुमच्या घरचा फोन हल्ली तीच उचलते आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. सोबत तिची लोकरी टोपी आहे. माझ्याकडे खुर्चीखाली पडली होती.

तुमची चिठ्ठी मिळाली होती. 'काल तिने पत्ते माझ्या अंगावर फेकले' हे तुम्ही तीन वेळा अधोरेखित केलंत. शाबास. मला तिच्याकडून त्याची दुसरी बाजूही कळली. मागच्या आठवड्यात तिने फोन करून तुमच्याविरुद्ध तक्रार गुदरली, आणि ती काही केल्या संपेना. काका लबाड आहेत. काका हरले की नियम बदलतात. काका तिच्या कपातून चहा पितात आणि वर विचारतात, कुठे लिहिलंय तुझा म्हणून. काकांना नकाशा धड वाचता येत नाही, लाल टिकलीपाशी ते थांबणारच नाहीत, तिलाच त्यांना दम देऊन बसवावं लागणार आहे. मध्ये श्वास घ्यायला थांबली तेव्हा तुम्ही मागून काहीतरी बोललात. त्यावर ती फोन तसाच धरून तुमच्याशी भांडायला गेली. मी इकडून 'हॅलो, हॅलो' करत होतो. बराच वेळ केलं.

खरं सांगतो, ऐकून मला हायसं वाटलं. फोन ठेवला, गॅसवर चहा ठेवला आणि तो उतू गेला तरी मी तिथेच उभा होतो. हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं, हे मला या वयात कळलं. पण पोर सुरक्षित आहे. वर तिचं तोंड बंद झालं तर आता तुम्हाला फरक कळेल, आणि तुम्ही तिला खाली आणाल. यासाठीच एवढा पत्रव्यवहार केला.

ती काल निरोप घ्यायला आली होती. टेबलावर बसलो. मी पाणी दिलं, तिने न सांगता प्यायलं. टोपी विसरू नकोस म्हटलं, 'नाही विसरणार' म्हणाली आणि विसरून गेली. मग नेहमीप्रमाणे मी खडा टाकला. म्हटलं, बघ हं, एवढं चालून पाय मोडून घेणार, त्यापेक्षा सरळ एक लिफ्ट बसवायला हवी.

माझ्याकडे बघितलं तिने. मग म्हणाली, "हो बाबा, बसवायला हवी."

उशी जागच्या जागी होती. जाताना म्हणाली, "तू नीट जेवत जा. मी आले की सगळं सांगेन." दारातून परत आली आणि माझ्या शर्टाचं वरचं बटण लावून गेली.

याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे तिला बरं नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर कपाळाला हात लावून बघा, घसा बघा. तोंड उघडायला लावणं तुमच्या हातचा मळ आहे. पोट दाबून बघा. पत्त्यांचा एक डाव टाका आणि लबाडी करा. मुकाट्याने खेळली तर निघू नका. पुढच्या महिन्यात जा, डोंगर कुठे पळून जात नाही.

दुसरं कारण असं की तिला माझी दया आली. बेत दोघांचा होता, ती निघाली आणि मी इथेच राहतोय, हे तिला आता समजायला लागलंय. मी तिच्याशी जसं वागायला हवं होतं तसं ती माझ्याशी वागली. मोठी झाली म्हणायची.

बरं नसेल तर लगेच कळवा, मी येतो. पत्ते अंगावर फेकले तर निघा, आणि मला कळवू नका. तुम्ही निघालात यावरून मला समजेल.

शंभर मजल्यांचा नियम पाळा. तिला सांभाळा.

तुमचा,
वकीलसाहेबांचा माजी प्रतिवादी