दादा, तुझे रंग मीच पुसू दिले

प्रिय दादा,

तू गेल्यापासून वर्षभरात तुला एक ओळ लिहावीशी वाटली नाही. आज बसलेय ती गहिवरून नाही. संतापले आहे, आणि लाजही वाटते आहे. काल तुमसरात तुझ्या फोटोंचं प्रदर्शन लागलं आणि भिंतीवरचे सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट!

दारात हा एवढा मोठा फ्लेक्स: 'अविभाजित भंडारा जिल्ह्याचे पहिले रंगीत छायाचित्रकार'. त्यावर प्रदर्शन समितीच्या अध्यक्षांचे गाल गुलाबी आणि शाल मोरपंखी. आत तुझी माणसं मात्र राखाडी. गोंदिया वेगळा होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझं नाव अविभाजित ठेवलं, हीच काय ती मेहरबानी!

तुला आठवतं, रंगीत फिल्म धुवायला सगळे नागपूरला पाठवायचे, तेव्हा तू घरच्या न्हाणीत लॅब उघडलीस? रंगाच्या कामाला लाल दिवाही चालत नाही, म्हणून खिडकीला घोंगडी ठोकलीस. औषधाच्या पाण्याला शंभर डिग्री फॅरनहाइटच लागायची, म्हणून घरातला तापाचा थर्मामीटर पळवलास. आई ओरडायची, "पोरीले ताप आला तं थर्मामीटर भेटत नाही, अन् हा पाण्याले रोज लावून पाहून राह्यला!"

बाबांना एकाच लेकराला कॉन्व्हेंटात धाडणं जमणार होतं. त्यांनी मला नागपूरला धाडलं आणि तू फोटोच्या दुकानात उभा राहिलास. त्याबद्दल तू कधी एक शब्द बोलला नाहीस. का नाही बोललास? एकदा भांडला असतास तर बरं झालं असतं.

मी काय केलं? सुट्टीत घरी यायचे आणि तुझे फोटो बघून नाक मुरडायचे. आमच्या सिस्टरांच्या अल्बममध्ये कसे शांत, करडे फोटो होते! "दादा, किती भडक रे. जत्रेतल्या चित्रांसारखे."

तू हसलास. "बाई, डोयाले रंग दिसते, तं फोटोले काहून नाही?"

मला उत्तर सुचलं नाही. मग मी ते इंग्रजीत दिलं. तेवढा तोरा होता माझ्यात.

आंबागडच्या सुशीलाबाईंचं लग्न विसरला नसशील. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचा फोटो आधी दुसऱ्या कुणीतरी काढला होता. त्यात मांडवावरचा निळा झेंडा काळा आला. लग्नघरावर काळा झेंडा! त्यांच्या वडिलांनी तो फोटो कधी भिंतीवर लावला नाही. सुशीलाबाईंच्या वेळी ते तुझ्याकडे आले आणि म्हणाले, "पोरीची साडी पांढरी अन् झेंडा निळा दिसला पाह्यजे. नाही तं फोटोच नको."

पहिल्या प्रिंटमध्ये निळा जांभळट आला. दुसऱ्यात हिरवट. तू दोन्ही फाडलेस. तिसरा हातात घेऊन अंगणात आलास आणि आकाशाखाली धरून बघत बसलास. जेवायला हाक मारली तरी उठला नाहीस.

काल त्या सुशीलाबाई आल्या होत्या. केस सगळे पांढरे, सोबत नातसून. घरचा फोटो वाळवीनं खाल्ला, म्हणून प्रदर्शनातला बघायला एस.टी.नं आल्या. फोटोच्या अगदी जवळ जाऊन झेंडा पाहिला. मग मला विचारलं, "बाई, हा तं काळा झेंडा आहे. दादानंच काळा केला का जी?"

नातसून म्हणाली, "आजी, जुने फोटो असेच राह्यते."

"नाही वो! माह्या फोटोत निळा होता. मी रोज पाहो."

समितीच्या सरांना मी तिथेच धरलं. ते थंडपणे म्हणाले, "मॅडम, रंग फार भडक होते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये क्लास येतो. तुम्हाला फोनवर विचारलं होतं ना?"

विचारलं होतं, दादा. तेच तुला सांगायचं आहे. आणि मी म्हटलं होतं, "हो, तसंच बरं दिसेल." डोळ्यांसमोर सिस्टरांचा अल्बम होता. इतकी वर्षं पोस्टात नोकरी केली, दुसऱ्याचं पाकीट कधी उघडलं नाही. आणि सख्ख्या भावाचं जन्मभराचं काम एका फोनवर पुसू दिलं!

सुशीलाबाईंना मी काय सांगितलं माहीत आहे? "मशीनमध्ये काहीतरी बिघाड झाला असेल." खोटं बोलले. त्या मान हलवून गेल्या. जाताना त्यांचा चेहरा असा, जणू तूच त्यांना फसवलंस.

प्रदर्शनासाठी दिलेला तुझ्या निगेटिव्हचा डबा अजून नागपूरला स्कॅनिंगवाल्याकडे आहे. आज दोनदा फोन केला. "बघून सांगतो," म्हणतो. बघून म्हणजे काय रे? हरवला असेल का?

उद्या पहिल्या गाडीनं मी नागपूरला जाते. डबा हातात पडल्याशिवाय त्या दुकानातून हलणार नाही. माझी जीभ तुला ठाऊक आहे, त्या माणसालाही कळेल. मिळाला तर झेंड्याचा निळा मी स्वतः उभी राहून काढून घेईन आणि फोटो आंबागडला पोचवीन. नाही मिळाला, तरी आंबागडला जाईनच. सुशीलाबाईंच्या ओसरीवर बसून, त्यांच्या नातसुनेसमोर सांगेन की दादानं काही केलं नाही, फोनवर 'हो' मीच म्हटलं होतं. त्यांनी मला घराबाहेर काढलं तरी सांगेन.

तुझी धाकटी,
विमल